लिओनार्डनं केलेली मोकळी जागा

आदरणीय अध्यक्षा हेमाताई, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती लिओनार्ड आणि मिल्ड्रेड, आणि अल कुसैसच्या माझ्या बंधुभगिनींनो,

वसईचा हा माणूस आमच्या बिल्डर कंपनीत काय करायचा, ठाऊक आहे? वाळूला नावं द्यायचा! आम्ही व्हिला बांधायचो आणि हा तिथल्या गल्ल्यांसाठी जुने इंग्रजी शब्द हुडकायचा. एकीला त्यानं 'ली' नाव दिलं. मी विचारलं, "बाबा रे, ली म्हणजे काय?"

म्हणाला, "रानातली झाडं तोडून केलेली मोकळी जागा, जिथं ऊन पोचतं. पुढे अर्थ झाला कुरण. पण मुळात शब्द उजेडाचा. आपला संस्कृत 'लोक' त्याचा लांबचा भाऊ, तोही आधी मोकळी जागाच."

"हबीबी, इथं झाडच नाही, तोडणार काय?" म्हटलं, तर हसत हसत पुढच्या गल्लीचं नाव हुडकायला लागला.

२००८च्या नोव्हेंबरात बांधकामं थांबली, माझी नोकरी खलास. रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पण कंपनीचं घर गेलं, आणि आमची वैभवी दहावीला! तेव्हा लिओनार्डनं आपलं भलंमोठं कपाट ढकलून खिडकी मोकळी केली. "पोरीचं टेबल इथं लाव," म्हणाला. मी, बायको मंजुषा आणि वैभवी, आम्ही तिघं त्यांच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. माशाच्या वासावरून मंजुषा आणि मिल्ड्रेडच्या कुरबुरी झाल्या, नाही असं नाही. मंजुषा, डोळे वटारू नकोस, आज खरं बोलायचा दिवस आहे.

डिसेंबरात याचीही नोकरी गेली. आम्हाला पत्ता लागू दिला नाही. फ्लॅट कंपनीचा, हा गेला असता तर आम्ही रस्त्यावर. म्हणून यानं कंपनीच्या साहेबाला गळ घातली आणि फ्लॅट टिकावा म्हणून परीक्षा होईपर्यंत कंपनीच्याच जबल अलीच्या गोदामात त्याच गल्ल्यांच्या पाट्या रचण्याचं काम पत्करलं. वसईच्या शाळेत शिक्षकाची नोकरी चालून आली होती, तीही त्यापायी हातची गेली. काल सामान बांधताना मिल्ड्रेडच्या तोंडून हे निसटलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. लिओनार्ड, मला तुझा राग आलाय. आणि माया त्याहून जास्त.

मंडळानं हा निरोपाचा समारंभ घडवला, त्याबद्दल हेमाताईंचे आणि सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपलं माणूस म्हणून सांभाळून घ्या.

वैभवी मागे बसली आहे. परवा तिचा शेवटचा पेपर झाला. इथं येऊन बोलायला लाजते, म्हणून मघाशी माझ्या कानात सांगितलं, "पपा, टेल अंकल आय डिड वेल."

तेव्हा, लिओनार्ड, आता खुशाल जा.