माळावरचे वेचलेले दगड
अहो, आमच्या माउंटन बाइकची पावसाळ्यात काळ्या रानात चाकंच फिरत नाहीत, इतका चिखल चिकटतो. म्हणून मोहोळजवळ गणपतअण्णांचा मुरमाड माळ त्यांना विचारून घेतला आणि चार रविवार मोठाले दगड वेचून वाट केली. पाचव्या रविवारी अण्णांचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता या."

गेलो, तर अण्णा वाटेतच उभे.

"शेजारचा शेतकरी तुमच्या वाटेनं ट्रॅक्टर न्यायलाय. उद्या म्हणंल, ही माझी वहिवाट हाय."

बारा महिने चालणारी आमची ही एकच जागा. मी घाबरतच विचारलं, "मग आम्ही येणं बंद करू?"

"बंद कशाला? येचलेलं समदं दगड परत टाका. तुमच्या सायकली उड्या मारत जात्यात की. त्याचा ट्रॅक्टर न्हाय जायचा."