जास्तीच्या खुंट्या

मुलगी: परत दाबा, बाबा.

वडील: दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेतो आणि मरतो.

मुलगी: बटण नुसतं टोचू नका, नीट दाबा.

वडील: अगं, बोट दुखायला लागलं. सकाळपासून दुसरं काय करतोय मी? सुटे भाग आणून दोघांनी जोडलेला नवा कोरा कॉम्प्युटर, आणि जीव म्हणून नाही त्यात.

मुलगी: असं बोलू नका. संध्याकाळपर्यंत मी कामावर हजर दिसले नाही, तर नकाशांचं काम दुसऱ्या बाईकडे जाणार. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय.

वडील: पाठीचं ऑपरेशन झालेलं माणूस. थोडा वेळ देतात की.

मुलगी: देऊन झाला. झोपल्या झोपल्या घरून कर म्हणाले, ही शेवटची सवलत.

वडील: मी बोलू का त्यांच्याशी?

मुलगी: काय बोलणार? मुलगी आडवी आहे, तिचा कॉम्प्युटरही आडवा झालाय, असं?

वडील: बरं. आता काय करू ते सांग.

मुलगी: प्लग काढा. मेमरीची पट्टी उपसून परत बसवा. खट् आवाज यायला हवा.

वडील: हा बघ. आला ऐकू?

मुलगी: आला. प्लग लावा, दाबा.

वडील: तेच गं. अर्धी गिरकी.

मुलगी: मग संपलं. प्रोसेसर मीच घालवला. पोटावर पाट घेऊन बसवत होते, तेव्हा हात हलला माझा. कोवळ्या पिना असतात त्या, एक जरी वाकली तरी गेलं सगळं.

वडील: कशावरून पण?

मुलगी: दुसरं उरलंय काय? आता जन्मभर या छताकडे बघत पडायचं. तुम्ही म्हातारपणी माझं भांडं उचलायचं. मला नको आहे हे, बाबा. खरंच नको आहे.

वडील: तोंड सांभाळ. मी कधी कुरकुरलो?

मुलगी: कुरकुरला असतात तर बरं झालं असतं.

वडील: रड पाहिजे तर. पण पुढचं सांग. काहीतरी राहिलंच असेल करायचं.

मुलगी: एकच राहिलंय. प्लग काढा. सगळे भाग ज्याच्यावर बसवलेत तो बोर्ड डब्यातून बाहेर घ्या आणि पुठ्ठ्यावर ठेवा.

वडील: चांगला आवळलाय मी तो.

मुलगी: काढा.

(बराच वेळ फक्त स्क्रू निघण्याचा आवाज.)

वडील: ठेवला. वायरी पोचतायत.

मुलगी: प्लग लावा. बटणाची वायर लागते त्या दोन पिना दाखवल्या होत्या ना मी, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा. क्षणभरच.

वडील: फिरला. अगं, फिरतोय. थांबत नाहीये.

मुलगी: नक्की?

वडील: वारा लागतोय हाताला.

मुलगी: म्हणजे बोर्ड शाबूत आहे. खोट डब्यात आहे. बाबा, डब्याच्या तळाला पितळी खुंट्या आहेत, ज्यांच्यावर बोर्ड टेकतो. बोर्डाला जिथं भोक आहे, तिथंच त्या हव्यात. एखादी जास्तीची आहे का?

वडील: हं.

मुलगी: हं म्हणजे?

वडील: परवा तुझा डोळा लागला होता. पुडीत खुंट्या उरल्या होत्या, आणि तळाला भोकं रिकामी दिसत होती. जन्मभर पाण्याचे पंप बसवले मी. एक भोक रिकामं राहिलं की पंप थरथरतो, पोरी. मी सगळ्या लावून टाकल्या.

मुलगी: त्यातली एक खालून बोर्डाला चिकटत होती. वीज भलतीकडे जात होती, म्हणून तो आपणहून बंद पडत होता.

वडील: आणि तू सकाळपासून स्वतःच्या हाताला बोल लावतेयस.

मुलगी: जळलं काही नाही ना. काढा त्या, आणि बोर्ड परत बसवा.

वडील: बसवतो. पण नंतर मी बाहेर जाऊन बसतो. तुझी नोकरी घालवली असती मी. माझा हात नको आता या कशाला.

मुलगी: आधी बसवा तर.

वडील: हे घे. बसवला. दाबू?

मुलगी: दाबा.

वडील: पडद्यावर अक्षरं आली.

मुलगी: दिसतायत मला. दिसतायत, बाबा.

वडील: चल, मी बाहेर आहे.

मुलगी: कुठं निघालात? इंटरनेटची वायर लावायचीय अजून. टेबलाखाली आहे ती.

वडील: परत मीच?

मुलगी: या घरात वाकणारी पाठ एकच आहे, बाबा.