चिंगी म्हणू नका

नीता : नाही आई, या बाबतीत माझं ऐका. आजपासून तिला चिंगी म्हणायचं नाही. घरात नाही, मागे परसात तर अजिबात नाही. आरुषी म्हणा.

नंदा : आता हे काय नवीन? सहा वर्सांची झाली पोट्टी, मी तिले चिंगीच म्हणते. नागपूरहून फोनवरही चिंगीच म्हणे. लहान पोरगी म्हणजे चिंगी. त्यात वाईट काय आहे?

नीता : आपल्यात काही वाईट नाही. इथं न्यूझीलंडात आहे. इथली टवाळ पोरं चिनी माणूस दिसला की चिंगचँग, चिंकी असलं काहीबाही ओरडतात. आणि तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ कुंपणापाशी उभ्या राहून, हजेरी घेतल्यासारख्या खणखणीत आवाजात, "चिंगे! ए चिंगे!" कुंपणापलीकडं कोण राहतं?

नंदा : क्वोक राहतात.

नीता : मग?

नंदा : अगं माय! म्हणजे त्या बाईले वाटलं, मी तिले ओरडून राहिली?

नीता : दुसरं काय वाटणार!

नंदा : तिनं म्हटलं असं? तुले म्हटलं?

नीता : मला कशाला म्हणेल? नवऱ्याला भेटायला यावं म्हणून आज आमच्या चार्ज नर्सनं तिला वॉर्डातून फोन केला. म्हणाली, तुमच्या शेजारची नीता आमच्याकडंच आहे, ती गाडीनं घेऊन येईल तुम्हाला. तर मिसेस क्वोक म्हणाल्या, नो, नॉट नेक्स्ट डोअर. एकदा नाही, दोनदा म्हणाल्या. सगळ्यांसमोर मला सांगितलं हो चार्ज नर्सनं. माझ्याकडं बघत होत्या सगळ्या, हिनं असं काय केलंय शेजारणीला!

नंदा : बसू दे मले जरा. अन् ते भांडे राहू दे. सकाळपासून उभी आहेस, घरी येऊन पुन्हा सिंकसमोर.

नीता : होत आली. एवढे दोन कुकर राहिलेत.

नंदा : हात पाहिले का आपले? चिरा पडल्या.

नीता : म्हणून तर हातमोजे घातलेत. वॉर्डात दर दहा मिनिटांनी हात धुवायचे. हा चीनकडून सार्सचा ताप काय आला... इथं साथ म्हणावी असं काही नाही, पण टीव्हीवर दिवसरात्र तेच. लोकांची डोकी फिरलीत.

नंदा : तो कसा आहे? म्हातारा.

नीता : ऑपरेशन बरं झालं. खुब्याचं हाड म्हटलं की वेळ लागणारच, सत्तरी उलटलीय त्यांची. दुखतंय का विचारलं तर म्हणतात, स्वीट ॲज, म्हणजे एकदम मस्त. काहीही विचारा, स्वीट ॲज. पक्के किवी आहेत. आणि मग हळूच विचारतात, माय वाइफ कमिंग? आज पाच वेळा विचारलं.

नंदा : मंगळवारी पाडलं न त्याले?

नीता : मंगळवारी. आज शुक्रवार.

नंदा : चार दिवस झाले. अन् केलं काय होतं त्यानं?

नीता : खोकले. बसमध्ये खोकले, बस्स. मागून दोघं ओरडायला लागले, उतरवा याला, सार्स आणलाय यानं. हे बिचारे आपणहून उतरले. ते दोघं त्यांच्या मागोमाग उतरले. गो बॅक, तुझा रोग घेऊन परत जा, म्हणाले आणि ढकलून दिलं. बसस्टॉपच्या कठड्यावर पडले.

नंदा : तो तं बाराही महिने खोकलते. मागच्या पायरीवर बसून सिगारेटी ओढते न.

नीता : आणि परत जा म्हणजे कुठं? आजोबा आले होते त्यांचे, पुकेकोहेला भाजीचे मळे करायला. हे इथलेच, जन्मच इथला. चीन पाहिलाय तो एकदा, लग्नाला गेले तेव्हा.

नंदा : बस भरलेली असंन न?

नीता : सकाळची वेळ. भरलेलीच असणार.

नंदा : कोणी नाई बोललं?

नीता : कोण बोलतंय, आई? ड्रायव्हरनं पोलिसांना फोन केला म्हणे, नंतर.

नंदा : अन् ती घरी एकटी. गाडी चालवता येत नाई तिले?

नीता : नाही. आणि बसचं तर आता नावच नको. बुधवारी टॅक्सी बोलावली होती, ती आलीच नाही. नाव ऐकून आली नाही की आणखी कशानं, देव जाणे. मी म्हणते, माझी गाडी दारात उभी आहे, मी त्याच हॉस्पिटलात जाते. वीस मिनिटांचा रस्ता. तो माणूस तिथं दाराकडं डोळे लावून पडलाय, आणि ही इथं कुंपणापलीकडं. फक्त त्या एका शब्दापायी!

नंदा : मंग मीच जाते तिच्या दारी. सांगते काय आहे ते.

नीता : काय सांगणार?

नंदा : सांगीन, चिंगी इज माय नात. नॉट यू. स्मॉल गर्ल, चिंगी. यू, क्वोकबाई.

नीता : आई, हसवू नका हो. मला रडू येईल.

नंदा : तीस वर्सं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती मी. एवढं तं सांगता येईन मले. पण नीता, एक इचारू? रागावू नको.

नीता : विचारा की.

नंदा : मले इथं येऊन दोन वर्सं झाले. दोन वर्सांपासून मी कुंपणाशी ओरडून राहिली, चिंगे चिंगे. अन् त्याच दोन वर्सांत ती बाई दर शनिवारी भाजीची पिशवी त्या कुंपणाच्या खिळ्याले लटकवून जाय. ते बोकचॉय का काय ते. मी त्याची डाळभाजी करून डब्यात परत देई. शिवी वाटली असती, तं भाजी दिली असती का तिनं?

नीता : तेव्हा सार्स नव्हता ना. आता लोक हळवे झालेत. आधी न लागलेला शब्द आता लागतो.

नंदा : असंन. पण भाजी बंद कधी झाली?

नीता : मला काय माहीत! मी कुठं हिशेब ठेवते?

नंदा : मले माहीत आहे. तीन शनिवार झाले.

नीता : आई, तो विषय नको.

नंदा : तू म्हणे, आई, काही दिवस त्यांच्याकडचं नको. म्या म्हटलं, धुऊन घेऊ, चांगली शिजवू. तुह्यं तेच, नको. बरं बाई, नको तं नको. मंग तू बाहेर गेली, खिळ्यावरची पिशवी काढली अन् कचऱ्याच्या डब्यात टाकली.

नीता : शिजवून खाल्ल्यानं काही होत नाही, माहीत होतं मला. मला माहीत नसेल का? वॉर्डात सगळ्यांना मीच सांगते, असं भाजीपाल्यातून पसरत नाही. आणि ती भाजी काही हाँगकाँगहून आली नव्हती, त्यांच्या वाफ्यातलीच होती. सगळं माहीत होतं. पण घरात आरुषी आहे. तुमचा रवींद्रही म्हणाला, उगाच रिस्क कशाला. दिवसभर मास्क, हात धुवा, हे करा, ते करू नका. घरी आल्यावर डोकं चालेना झालं माझं.

नंदा : हं.

नीता : आणि मी काही कोणाला ढकललं नाही, आई. कोणाला वाईट बोलले नाही.

नंदा : म्या कुठं म्हटलं?

नीता : तिला कुठं कळलंय ते? मी तिच्यासमोर थोडीच टाकली!

नंदा : ती कपडे वाळू घालून राहिली होती. त्या मोठ्या चादरीमागं. मी याच खिडकीतून पाहिलं. तू डब्याचं झाकण लावलं, तेव्हा चादर खाली आली.

नीता : काय सांगता?

नंदा : अन् हातात तुह्या हेच होते. हे पिवळे हातमोजे.

नीता : भांडी घासता घासता तशीच गेले होते मी! चिरा पडल्यात म्हणून घालते, तुम्हाला माहितेय.

नंदा : मले माहीत आहे. तिले कसं माहीत असंन?

नीता : मग तेव्हाच का नाही बोललात?

नंदा : काय बोलू? तू नर्स. मले वाटलं, तुले जास्त समजते. अन् खरं सांगू का, थकवा आला मले पाहून. वाटलं, इथंही तेच का?

नीता : तेच म्हणजे?

नंदा : शाळेत एक बाई होत्या आमच्या. चांगल्या होत्या हो, रागाच्या नाई. संक्रांतीले मी तिळगूळ नेला. सगळ्यांनी हातात घेतला, त्यांनी पदर पसरला. म्या म्हटलं, असंन रीत. सुट्टी झाल्यावर पाहते तं पायरीखाली मुंग्या लागलेल्या माह्या तिळगुळाले. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणे, नंदाबाई, लाडू फार छान झाले होते. त्यांनी मले कधी शिवी नाई देल्ली, नीता. एक शब्द वाकडा नाई. शिवी तं मी इसरून गेली असती.

नीता : आई...

नंदा : तुह्या घरी पुण्यात हे तुह्या वाट्याले आलं नसंन. चांगलंच झालं. म्हणून तं तुले दिसलं नाई, आपण काय करून राहिलो ते.

नीता : आल्यापासून मी तुमच्या चिंगीवर खापर फोडतेय.

नंदा : फोड न. मले काय होते? माह्या खांद्याले सवय आहे. पण त्यानं ती बाई दवाखान्यात पोहोचत नाई.

नीता : लाज वाटते हो मला. तो माणूस मला थँक यू डिअर म्हणतो. सकाळी उशी सरळ केली तर म्हणाला, आय टोल्ड माय वाइफ, नीता इज हिअर, वुई आर ओके. त्याला सांगितलंच नसेल तिनं.

नंदा : नाई सांगतलं असंन. कशाले सांगते? पडलेल्या माणसाले आणखी काय सांगते?

नीता : आता मी कोणत्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?

नंदा : जे आहे त्याच. थांब, पहिले पोट्टीले घरात घेऊ दे. केव्हाची झाडाखालची फिजोआची फळं वेचून राहिली, पोट दुखंन खाऊन खाऊन. आरुषी! ए आरुषी!

(मागच्या दारातून नंदा पुन्हा दोनदा हाक मारते. उत्तर येत नाही. थोड्या वेळानं बादली घेऊन आरुषी आत येते.)

आरुषी : आजी, तू मला आरुषी का म्हणालीस? ॲम आय इन ट्रबल?

नंदा : नाई वो माय. तू काऊन ट्रबलमध्ये?

आरुषी : मला कळलंच नाही, मला बोलावतेस म्हणून. मिसेस क्वोक म्हणाली, चिंगी, युवर आजी इज कॉलिंग.

नीता : काय म्हणाली ती? पुन्हा सांग.

आरुषी : चिंगी, युवर आजी इज कॉलिंग.

नीता : ती तुला चिंगी म्हणते?

आरुषी : ऑल्वेज. आरुषी तिला बोलता येत नाही, मम्मी. इट्स टू हार्ड. चिंगी इझी आहे.

नंदा : ऐकलं?

नीता : ऐकलं. आरुषी, तू तिथं काय करत होतीस?

आरुषी : फिजोआ दिले. हीप्स. ती क्राय करत होती, सो मी दिले. मी तिला म्हटलं, माझी मम्मी रोज हॉस्पिटलला जाते, तू पण मम्मीच्या कारमध्ये जा.

नीता : मग?

आरुषी : ती म्हणाली, नो, चिंगी, मम्मी इज स्केअर्ड ऑफ मी. मम्मी, तू मिसेस क्वोकला घाबरतेस?

नंदा : पोरीले उत्तर दे, नीता.

नीता : घाबरले होते, बाळा. उगाच घाबरले होते.

आरुषी : मी तिला सांगितलं, माझी मम्मी कोणालाच घाबरत नाही, स्पायडरला पण नाही. मग ती म्हणाली, ओके, गो आस्क मम्मी. ती बॅक सीटवर बसेल. विंडो ओपन ठेवेल. तिच्याकडे मास्क पण आहे.

नीता : अगं...

आरुषी : अँड शी सेड, ती भाजी नाही आणणार. प्रॉमिस.

नंदा : किती वाजले?

नीता : पावणेचार. भेटायची वेळ आठपर्यंत आहे. मी जाते. पुढं माझ्या शेजारी बसा म्हणते तिला.

नंदा : नीता.

नीता : काय, आई?

नंदा : ते हातमोजे काढून जा.