टीबी होता तोवर बरं होतं

टाकव्याचा बजरंग टीबीतून बरा झाला. अर्थात, घरच्यांच्या मते असं काही घडलेलंच नव्हतं. दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत तो सासरहून सोबतीला आलेल्या थोरल्या बहिणीला, मुक्ताबाईला, तेच सांगत होता. पहिल्यांदाच गोळ्या न्यायला आलेला श्रीयश मागे उभा राहून ऐकत होता.

“अक्का, टीबीनं दवाखान्यात पडलो तवा समदी खाटंवर येऊन बसली. वैनी तर माझा उष्टा चहा प्याली.”

“आन आता?”

“टीबी गेला, ह्या गोळ्या लागल्या, तर ताट येगळं!”

“ताटानं पसरत न्हाई म्हनावं!”

“दवाखान्यातली बाई घरी येऊन तेच सांगून गेली. तिचाबी कप फेकून दिला.”

“मुडदा बशिवला त्यांचा! मग रं?”

“ग्रामपंचायतीत अर्ज देतो. सबब, एचआयव्हीला टीबीचा दर्जा देऊन अर्जदारास घरच्या पंगतीत बसवण्यात यावे, ही नम्र विनंती.”