तलाव साफ करू नका

तुमसरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या. एकीजवळ मासळीची टोपली होती.

"सखाबाई, तुमच्या गावचा तलाव साफ झाला का वं?"

"कायचा होते! लीलाधर आडवा आला."

"युनिवर्सिटीतला केमिस्ट्रीचा प्रोफेसर?"

"हो. आमच्या तलावाच्या घाणीवरच त्यानं पीएचडी केली, त्या घाणीवरच साहेब झाला. आता त्याच्या दोन पोरी त्याच घाणीवर पीएचडी करून राहिल्या. हात जोडून म्हणे, तेवढ्या पास होऊ द्या."

"मंग?"

"गावाले दया आली. ठेवला तसाच."

"जेवून गेला का?"

"भात खाल्ला. तलावाच्या मासोऱ्याले हात नाही लावला. म्हणे, त्यात काय हाय ते मले माहीत हाय."

"काय हाय?"

"ते पुढच्या पीएचडीत येईल म्हणे."

"बरं. अर्धा किलो दे."