ऋषीचा हात बसलाय

…हो हो, लिहा ना मॅडम, 'आधीचा अनुभव' म्हटलंय तिथंच लिहा — काय म्हणालात, दोन वर्षं? ऋषी सोळाव्या वर्षापासून गाडी चालवतो? हात बसलाय, फक्त लायसन्स पाहिजे? मग तसंच लिहा, खाली सही करा — नाही, लागतं ते, शिकवणाऱ्याला कळायला नको? अशा पोरांचंच जास्त टेन्शन. नवशिकं पोरगं घाबरतं, हळू जातं. हात बसलेलं ठोकतं. कुठं ठोकतं सांगू? गर्दीत नाही. पाम बीच रोडला, सकाळी, रस्ता मोकळा, गाडीत तीन दोस्त, एक मोबाईल काढतो, दुसरा म्हणतो 'अजून दाब' — आणि मग सारसोळ्याजवळ वळण येतं. झाली सही? द्या इकडं.

मला ओळखलं नाही ना? कसं ओळखाल, कोर्टात मी मागच्या बाकावर होते, डोक्यावर पदर घेऊन. मी सत्यभामा. मानसिंगची बायको. वाशी मार्केटला माथाडी होता तो — साडेसहाला सायकलवरनं निघालेला, तुमच्या गाडीनं उडवला. बसा. बसा म्हटलं ना! तेव्हा काय सांगितलंत तुमी? 'माझ्या ऋषीला गाडी येतच नाही, ड्रायव्हर चालवत होता.' आणि तो तुमचा ड्रायव्हर कमळाकर, म्हातारा माणूस, मान खाली घालून 'हो' म्हणाला. आणि आता हे — तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं — सोळाव्या वर्षापासून! पुढच्या महिन्यात तारीख आहे. अहो, ओढू नका, फाडून काय होणार? माझ्या वकिलाला मोबाईलवरनं फोटो गेला आत्ताच.

दीड वर्षं वाट बघितली, मॅडम. शाळेची व्हॅन चालवायचे मी, चांगली चालू होती, सोडली — हा क्लास तुमच्या सोसायटीच्या गेटसमोर, म्हणून इथं शिकवायला लागले. अठरा झाली की पोरगं येणार, ठाऊक होतं मला. आणि मी काय ठरवलेलं माहितीये? ऋषीला मीच शिकवणार. त्याच वळणाला नेणार. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी पण ब्रेक असतो — तो मी दाबणार नव्हते. तो जाईल, मी पण जाईन, जाऊ दे, माझ्या मागं कोण —

…हे बोलायचं नव्हतं मला.

रडू नका. काल स्वतः आलेला चौकशीला. 'काकी, कधीपासून येऊ?' म्हणाला, आणि वळला — टीशर्ट उलटा घातलेला, लेबल बाहेर. मी म्हटलं, 'आईला पाठव.' नाही जमणार मला, तिथंच कळलं. त्याचं नाही जमणार. तुमचं जमेल, या कागदानं.

हात कशाला जोडताय? मी पण जोडले होते, कोर्टाच्या जिन्यात. तुमी फोनवर बोलत खाली उतरून गेलात.

उठा आता. दार ओढून घ्या जाताना, एसी चालूये.