ज्याचं पाणी, त्याची भाकरी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्हीबी हात पुसून घ्या. गजर झाला, भजन झालं, आता एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. पाप करायला माणसाला काय लागतं? सांगा!

पैसा? — पैसेवाला करतो, खरं आहे. पण भिकारीबी करतोच की! ताकद? — अंथरुणाला खिळलेला म्हातारा पडल्या पडल्या शेजाऱ्याचं वाटोळं चिंततो, त्याला कुठली ताकद! मग काय, दुष्टपणा लागतो? तिथंच चुकताय तुम्ही! दुष्ट माणसं जगात फार थोडी. पाप करतात ती तुमच्या-माझ्यासारखी चांगली माणसं. आणि चांगल्या माणसाला पाप करायला एकच गोष्ट लागते — सबब! त्याच्या हातात एक बरीशी सबब द्या, आणि मग बघा देवमाणूस काय काय करतो ते!

आणि त्या कोरोनाच्या साली, मंडळी, देवानं प्रत्येकाच्या हातात एकेक सबब फुकट दिली होती. आजार खोटा नव्हता हं! ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, त्यांच्यापुढं मी हात जोडतो. त्यांना मी काही बोलत नाही. मी बोलतोय ते बाकीच्यांना. म्हणजे तुम्हाला!

तर ऐका. गाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, 'हां, त्या गावची माणसं तसलीच!' आणि सुखानं झोपाल. मला तुम्हाला झोपू द्यायचं नाही.

एक वस्ती. गावापासून लांब, रानात. तिथं गजराबाई नावाची म्हातारी. नवरा कधीच गेलेला. दोन लेक — थोरला उत्तम, धाकटा सर्जेराव. उत्तम! नावाप्रमाणंच हो! गळ्यात माळ, एकादशी चुकायची नाही, सप्ताहात वीणा हातात घेऊन उभा राहायचा. सर्जेरावबी काही कमी नाही — कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर. दोघंही चांगले. म्हणूनच हे आख्यान सांगतोय!

वाटण्या झाल्या. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, भांडी वाटली. दोन वस्तू वाटता येईनात. एक विहीर आणि एक आई! विहीर मध्ये बांधावर. तिला तोडायची कशी? मग पाण्याची पाळी लावली — एक दिवस उत्तमचा, एक दिवस सर्जेरावाचा. आणि आई? आईला महिना लावला. अमावस्येला बोचकं उचलायचं नि बांध ओलांडायचा. हा महिना थोरल्याकडं, पुढचा धाकट्याकडं.

हसू नका. तुमच्यात किती जणांच्या घरी असं चालतं, हात वर करा! … बघा! एक हात वर नाही. म्हणजे सगळ्यांच्याच घरी चालतं!

गजराबाईची काही तक्रार नव्हती बरं का. ती म्हणायची, "विहिरीला जशी पाळी, तशी मला. विहीर कुठं रडती?" ही विहीर खणली तेव्हा तिनं स्वतः डोक्यावरून मुरमाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पोटात उत्तम होता तेव्हा!

आला चैत्र. आली महामारी. बाजार बंद, गाड्या बंद, गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. सर्जेरावानं कलिंगड केलं होतं. पोटच्या पोरागत वाढवलेलं कलिंगड — व्यापारीच येईना! वेलावर फुटायला लागलं. बांधाला टाकून दिलं, त्यावर माश्या घोंघावायला लागल्या. आणि त्यात सर्जेरावाचा मेहुणा पुण्याहून फटफटीवर येऊन उतरला. बहिणीच्या घरी नाही तर कुठं जाईल बिचारा!

आणि त्याच आठवड्यात आली चैत्राची अमावस्या. गजराबाईनं बोचकं बांधलं. दोन लुगडी, एक वाकळ, कुंकवाची जुनी डबी — लावायची नाही, पण टाकवतबी नाही. गुडघ्यावर हात दाबत बांधावर आली. समोर उत्तम. तोंडाला उपरणं बांधलेलं!

"आई, तिथंच थांब."

"का रं?"

"सर्जाच्या घरात पुण्याचा माणूस उतरलाय. तू त्याच्याजवळ वावरलीस. माझ्या घरात लेकरं आहेत. चौदा दिवस तुला घेता येणार नाही."

मागून सर्जेराव ओरडला, "घेता येत नाही म्हंजे? माझा महिना संपला! माझ्या घरात माणसं वाढल्यात, जागा कुठाय? आजपासनं ती तुझी!"

"सरकारचा नियम आहे!"

"आणि आपला नियम? अमावस्येचा? तो कुणी केला होता?"

बघा मंडळी! एकाकडं सरकारचा नियम, एकाकडं अमावस्येचा. दोघांकडं सबब! आणि दोन सबबींच्या मध्ये, बांधावर, उन्हात, बोचकं घेऊन आई उभी. ती म्हणाली, "भांडू नका रं. लोक ऐकतील." — लोक ऐकतील! उभं राहून गुडघे दुखतात हे नाही म्हणाली. आयांना लाज असते, मंडळी. लेकरांच्या वाटणीची लाजसुद्धा त्याच बाळगतात.

मग तोड निघाली. विहिरीवर मोटारीची खोली होती. पत्र्याची, सामायिक! कुणाचीच नाही, म्हणजे दोघांचीही. आईनं चौदा दिवस तिथं राहायचं. आणि जेवण? उत्तमनं डोकं चालवलं. म्हणाला, "ज्या दिवशी ज्याचं पाणी, त्या दिवशी त्याची भाकरी." सर्जेराव म्हणाला, "कबूल!" कित्येक वर्षांत दोघांचं एका शब्दावर एकमत झालं नव्हतं. ते असं झालं! गजराबाईला खरंच बरं वाटलं हो. वाकळ पसरताना ती स्वतःशी म्हणाली, "चला, माझ्या निमित्तानं का होईना, पोरं बोलली."

पहिले काही दिवस चाललं बघा ठीक. ज्याची पाळी तो यायचा, मोटर चालू करायचा, दाराबाहेर दगडावर भाकरी ठेवायचा, लांबूनच "आई, ठेवलीय गं" म्हणायचा आणि जायचा. गजराबाई दार उघडून भाकरी घ्यायची. मोटारीच्या आवाजात कानाला दडे बसायचे, पण मोटर सुरू झाली की पोट हसायचं! तिच्या लेखी मोटर म्हणजे भाकरी.

आणि एके दिवशी — भर दुपारी, उत्तमची पाळी चालू असताना — ठाप्! डीपी जळाला!

आता शेतकऱ्याला डीपी जळाला म्हणजे काय ते मी सांगायला नको. एरवीच वायरमनच्या हातापाया पडावं लागतं, इथं तर टाळेबंदी! फोन करावा तर तिकडून खोकल्याची टेप वाजायची. लाईट नाही. मोटर नाही. पाणी नाही.

भाकरी?

इथं नीट ऐका, कारण इथंच सगळी ग्यानबाची मेख आहे. पाळीच्या पाण्याची एक रीत असते. लाईट गेली तर पाळी बुडत नाही. राहिलेली पाळी लाईट आल्यावर पुरी करायची. सगळ्या शिवारात हीच रीत. दुसरा दिवस उजाडला. मंदा, सर्जेरावाची बायको, भाकरी थापायला बसली. सर्जेराव म्हणाला, "कुणासाठी थापतीस?" म्हणाली, "आत्यांसाठी. आज आपला दिवस ना?" तो म्हणाला, "आपला कसला? दादाची पाळी अर्धीच झालीय. लाईट येऊन ती पुरी होईपर्यंत पाळी त्याचीच. आणि ज्याचं पाणी, त्याची भाकरी!"

आणि बांधाच्या पलीकडं? शकुंतलानं, उत्तमच्या बायकोनं, भाकरी फडक्यात बांधली होती. उत्तम म्हणाला, "थांब. काल आपण दिली. दिवस बदलला. आज सर्जाचा."

"अहो, पण त्यांनी दिली का नाही, बघून तरी येते."

"काही गरज नाही! आज दिलीस तर उद्या आपल्याच गळ्यात पडंल. तो बसलाच आहे टपून!"

ती बांधलेली भाकरी, मंडळी, संध्याकाळी म्हशीपुढं गेली. म्हशीला पाळी नव्हती हो! म्हैस दूध देत होती.

एक दिवस गेला. दुसरा तर उत्तमच्याच हिशेबानं उत्तमचा; पण तो म्हणाला, "लाईटच नाही, तर आपलं पाणी कसलं आणि भाकरी कसली?" तोही गेला. गजराबाई दाराशी बसून दगडाकडं बघायची. रिकामा दगड! तिला कळेना, चूक कुणाची झाली. मनात म्हणाली, पोरं आजारी तर नसतील पडली? — ऐकताय का? उपाशी ही, आणि काळजी कुणाची! हाक मारावी, तर सर्जाच्या घरी पाव्हणा. चालत जावं, तर उत्तमनं सांगितलंय, लेकरांजवळ येऊ नकोस. आपल्यामुळं नातवंडांना काही झालं तर? खोलीबाहेरच्या हौदात पाणी होतं, ते प्यायली. मग रांगत-खुरडत बांधाला गेली, माश्या हाकलल्या आणि फुटलेल्या कलिंगडातलं जरा बरं बघून आत आणलं. धाकट्या लेकाच्या पिकातलं! खाताना म्हणाली म्हणे, "गोड निघालंय माझ्या सर्जाचं. बाजार असता तर सोनं झालं असतं."

ओढ्यापलीकडची हौसाबाई गवताला आली होती. तिनं लांबून विचारलं, "मावशे, जेवलीस का गं?"

गजराबाई म्हणाली, "जेवले की! दोघंबी आणत्यात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत मेले."

अगं म्हातारे! बोल ना! एकदा तरी बोंब मार ना! पण नाही. लेकाची अब्रू झाकायला आई स्वतःचं पोट आत ओढते. आणि आपण म्हणतो — आमच्या म्हातारीला काही लागत नाही बरं का, फार समाधानी! कुठनं आलं रे ते समाधान? कधी विचारलं?

पुढच्या दिवशी सकाळी आक्रीत झालं. भिंतीवरच्या स्टार्टरचा तांबडा दिवा लागला. लाईट आली! गजराबाईचे डोळे चमकले. लाईट आली म्हणजे पाळी आली, पाळी आली म्हणजे भाकरी आली! आणि बाहेर पावलं वाजली. धावत! एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूंनी! म्हातारीचा ऊर भरून आला. दोघं एकदम! वाटण्या झाल्यापासून दोघं एकदम कधी आले नव्हते. तिनं हौदातनं आणून ठेवलेलं पाणी केसांवरनं फिरवलं, पदर नीट केला. उपाशी दिसायला नको म्हणून तोंड पुसलं. दाराच्या कडीला हात घातला, आणि ऐकलं —

"पाळी माझी आहे! माझी अर्धी राहिलीय! लाईट गेली तर पाळी बुडत नाही!" — हा उत्तम.

"तुझी कशी? दिवस किती बदलले! आज दिवस माझा!" — हा सर्जेराव.

समजलं का, मंडळी? पुन्हा सांगू? भाकरी द्यायची होती तेव्हा उत्तम म्हणत होता, दिवस बदलला. आता पाणी घ्यायचं तर म्हणतो, पाळी बुडत नाही! सर्जेराव भाकरीच्या वेळी म्हणत होता, पाळी त्याचीच. आता म्हणतो, दिवस माझा! सबबींची नुसती अदलाबदल केली हो भावांनी! एवढं सोडलं, तर बाकी कशाची देवाणघेवाण नव्हती त्यांच्यात. आणि दोघांच्याही हातात भाकरी नव्हती.

दार उघडलं. म्हातारी दारात उभी. मागं कोपऱ्यात कलिंगडाच्या सालींचा ढीग. सर्जेरावानं ढिगाकडं बघितलं. साल त्यानं ओळखली, त्याच्याच रानातली!

"आई … जेवलीस का गं?"

गजराबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही हो. अगदी साधं विचारावं तसं विचारलं —

"कुणाच्या पाळीत विचारतोस, बाळा?"

दोघांनी स्टार्टरकडं बघितलं. दिवा लागलेला. आणि लाईटीचा भरवसा काय! रानात पीक माना टाकून पडलेलं. उत्तमनं खाली बघितलं, वर बघितलं, आणि म्हणाला, "आई … जरा सरक. लाईट जाईल."

म्हातारी सरकली.

त्यानं बटण दाबलं. मोटर सुरू झाली. पाणी पाटानं धावायला लागलं.

आता ही म्हातारी तिथंच मेली असती, तर मला आख्यान फार सोपं गेलं असतं! तुम्ही रडला असता, मी गजर केला असता, बुक्का लावून सगळे मोकळे! आई मेली की लेकाला पश्चात्ताप करायला किती सोयीचं पडतं! पण गजराबाई मेली नाही. तिला आजारबी नव्हता. चौदा दिवस भरल्यावर उत्तमनं तिला घरी नेलं. शकुंतलानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. गावात सांगितलं, "आईची आम्ही लई काळजी घेतली. वेगळी खोली दिली होती." 'हे खोटं आहे' असं म्हातारी म्हणाली नाही.

आजबी ती आहे. अजून अमावस्येला बोचकं उचलते. दोघं लेक आता तिला बसवून जेवू घालतात, आग्रह करतात, ताटात तूप वाढतात. ती जेवते. पण कशी जेवते? अर्धी भाकरी खाते आणि अर्धी कुणाचं लक्ष नाही असं बघून पदरात घेते. आणि अंथरुणाच्या उशाला, वाकळेखाली सारून ठेवते. शकुंतला सकाळी वाकळ झटकते, तेव्हा वाळलेले तुकडे खाली पडतात. एकदा उत्तमनं ते बघितलं. म्हणाला, "आई, हे काय? घरात काय कमी आहे?" ती ओशाळली, म्हणाली, "काही नाही रं. सवय लागली."

तिचा महिना थोरल्याकडं असला की रोज पडतात ते तुकडे. रोज उत्तम बघतो. माळ गळ्यात आहे, वीणा हातात घेतो, आणि एकादशीला फराळाचं ताट पुढं आलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. सर्जेराव तर विहिरीवर एकटा जातच नाही. ही शिक्षा कुणी दिली? यमानं? सरकारनं? म्हातारीनं तर एक शब्दही काढला नाही!

तर मंडळी, महामारी गेली. तोंडावरची फडकी गेली, वेशीवरच्या बाभळी गेल्या. सबबी गेल्या का? 'कामात होतो', 'रेंज नव्हती', 'पोरांच्या परीक्षा', 'बायकोचं पटत नाही' — रोगाचं नाव बदललं, औषध कुणी घेतलं? मघाशी हात वर करा म्हटलं, एकानं केला नाही. नका करू. मला दाखवू नका.

आज घरी गेलात की पाय धुवा आणि म्हातारा-म्हातारी जिथं झोपतात तिथं जा. पाया पडायला नको, फोटो काढायला तर मुळीच नको. त्यांच्या उशाखाली हात घालून बघा, भाकरी आहे का.

म्हणा — विठ्ठल! विठ्ठल! … का? आवाज का बसला तुमचा?